डोंगरातील श्लेष्मकवकाची जाती नवी आहे हे कसे ठरते? चिखलदरा तालुक्यातील एका शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर

चिखलदरा तालुक्यातील एका गावात शिकवणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टमधल्या झडीत गावाजवळच्या कुजलेल्या सागाच्या ओंडक्यावर त्यांना पिवळ्या शिरांचे ओलसर जाळे पसरलेले दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाळे नाहीसे झाले होते आणि त्या जागी बारीक देठांवर राखाडी मुंडकी उभी होती. त्यांनी मोबाइलवर छायाचित्रे काढली, मिळतील त्या चित्रांशी ती ताडून पाहिली, पण ती कशाशीच नेमकी जुळली नाहीत. ही नवी जाती असू शकेल काय, असल्यास ती कशी जाहीर करावी आणि तिला गावाचे नाव देता येईल काय, असे त्यांनी विचारले आहे.

आपण पाहिलेला सजीव श्लेष्मकवक (इंग्रजीत स्लाइम मोल्ड) आहे, हे आपल्या वर्णनावरून निश्चित सांगता येते. ती जाती नवी आहे किंवा नाही, हे मात्र छायाचित्रांवरून कोणीही सांगू शकणार नाही, आणि आपण दिलेली लक्षणे पाहता ती आधीच वर्णिलेली असण्याचाच संभव अधिक आहे. तरीही आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. गाविलगडच्या रांगेत वर्षानुवर्षे, ऋतूमागून ऋतू श्लेष्मकवके पाहणारी माणसे फार थोडी आहेत, आणि अशा ठिकाणी अज्ञात जाती सापडण्याची शक्यता खरोखरच असते. ती सापडली, तर तिची सिद्धता काडेपेटीत नीट वाळवून ठेवलेल्या नमुन्यावर आणि जगभरातल्या जुन्या वर्णनांशी केलेल्या तुलनेवर अवलंबून राहील. म्हणून पुढे याच दोन गोष्टींविषयी अधिक लिहितो.

आधी जीवनचक्र लक्षात घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर बेतलेले आहे. हे सजीव कवकांच्या सृष्टीत मोडत नाहीत, त्यांचे नाते अमीबांशी आहे. बीजुकातून, म्हणजे बीजासारख्या सूक्ष्म कणातून, बाहेर पडणारी सूक्ष्म पेशी जीवाणू खाऊन जगते, अनुरूप अशा दोन पेशींचे मीलन होते आणि त्यातून असंख्य केंद्रके असलेला, पेशीभित्ती नसलेला एकच सलग जीवद्रव्याचा पुंज वाढतो. आपण पाहिलेले पिवळे जाळे म्हणजे हाच पुंज, त्याला प्लाझमोडियम म्हणतात. योग्य वेळ आली की तो ओलावा आणि अंधार सोडून उघड्यावर येतो आणि एका रात्रीत त्याचे बीजुककोशांत, म्हणजे बीजुके भरलेल्या मुंडक्यांत, रूपांतर होते. जाती ओळखण्याची जवळपास सर्व लक्षणे या बीजुककोशात असतात. प्लाझमोडियमचा रंग नोंदवावा, तो उपयोगी पडतो, पण त्यावरून जाती ठरत नाही.

पिवळे प्लाझमोडियम आपल्याकडे अनेक श्लेष्मकवकांत आढळते. फ्युलिगो सेप्टिकाचे असते, पण त्यातून देठांची मुंडकी न होता मोठी गादी तयार होते, म्हणून ती बाजूला ठेवता येईल. फायसेरम पॉलिसेफॅलमचे मुंडके वळ्यावळ्यांचे, अनेक पाळ्या एकत्र आल्यासारखे असते. फायसेरेला ऑब्लोंगाचा कोश देठावर खाली झुकलेला आणि मध्ये खोल दबलेला असतो, आणि तो उकलल्यावर आत चुन्याचे टोकदार काटे दिसतात. ही दोन नावे आपण सर्वांत आधी तपासावीत. त्यानंतर फायसेरम वंशातील इतर जाती येतात. त्या शंभराहून अधिक आहेत, आणि राखाडी मुंडक्याच्या, देठाच्या जाती त्यांत पुष्कळ आहेत. छायाचित्र न जुळण्याचे कारणही येथेच आहे. एकाच जातीचा कोश ओला असताना, अर्धा वाळल्यावर, पावसाने चुना धुऊन गेल्यावर आणि फुटून रिकामा झाल्यावर इतका वेगवेगळा दिसतो की, शेजारी ठेवलेली चार छायाचित्रे चार जातींची वाटावीत.

या क्षेत्रात नवेपणाचे जे दावे पुढे टिकले नाहीत, त्यांतील बरेचसे अपक्व किंवा बिघडलेल्या नमुन्यांवर उभे होते. कोश तयार होत असताना अचानक कडक ऊन पडले, मुसळधार पाऊस झाला किंवा नमुना अर्धवट अवस्थेत उचलून भर उन्हात वाळवला, तर चुना नीट बसत नाही, आवरण जाड राहते, तंतू तुटक राहतात आणि बीजुके लहानमोठी होतात. असा नमुना कोणत्याही वर्णनाशी जुळत नाही आणि नवखा अभ्यासक हरखून जातो. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच कोशातील बीजुकांच्या आकारात मोठी तफावत दिसली, तर तो नमुना नव्या जातीसाठी बाद समजावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे. यासाठी नमुना घेण्याची पद्धत अशी ठेवावी. कोश अजून पांढरे, गुलाबी किंवा पिवळे आणि मऊ असतील, तर त्यांना हात लावू नये. शक्य असेल तर तेथेच एक-दोन दिवस थांबावे आणि परत जाऊन पाहावे. थांबणे शक्य नसेल, तर लाकडाचा तो तुकडा धारदार सुरीने कापून, तळाशी ओलसर कागद ठेवलेल्या डब्यात न हलवता घरी आणावा आणि पक्व होऊ द्यावा. पक्व कोश सावलीत, वारा खेळता ठेवून, सावकाश वाळवावेत.

वाळलेला तुकडा काडेपेटीच्या आतल्या खोक्यात डिंकाने चिकटवावा. जगभरचे श्लेष्मकवकांचे अभ्यासक हीच साधी सोय वापरतात, कारण कोश इतके नाजूक असतात की पाकिटात दाबले गेल्यास काहीही उरत नाही. पेटीवर तारीख, गाव, उंची, अक्षांश-रेखांश, कोणत्या झाडाचे लाकूड, त्याची साल शाबूत आहे की गळालेली, आणि प्लाझमोडियम पाहिले असल्यास त्याचा रंग, हे सर्व त्याच दिवशी लिहावे. ‘कुजके लाकूड’ एवढीच नोंद पुढे फारशी कामाची ठरत नाही. ‘सागाचा पडलेला ओंडका, साल गळालेली, नाल्याकाठी, सावलीत’ ही नोंद कामाची ठरते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात वाळलेल्या कोशांवरही बुरशी चढते, आणि बीजुके खाणारे बारीक भुंगेरे व कोळीवर्गीय किडे आठवडाभरात नमुन्याचा भुगा करतात. पूर्ण वाळल्यानंतर पेटी हवाबंद पिशवीत घालून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवल्यास किडे मरतात. जनुकीय तपासणीसाठी काही कोश वेगळ्या कुपीत सिलिका जेलवर ठेवावेत.

परवानगीविषयी थोडे, पण निक्षून. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात सालीचा तुकडाही परवानगीशिवाय उचलू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे संरक्षित क्षेत्रातील शास्त्रीय अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावच्या जंगलात ग्रामसभेला विश्वासात घेऊनच काम करावे. परवानगी येईपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. धुऱ्यावरचे पडलेले बाभळीचे खोड, कुंपणाला रचलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या, भिजलेल्या कुटाराचा ढीग, शाळेच्या आवारातला कडुनिंबाचा पालापाचोळा, अशा ठिकाणी श्लेष्मकवके मुबलक येतात आणि त्यासाठी जंगलात जावे लागत नाही. डायाकिया ल्युकोपोडियाचे निळ्या-जांभळ्या झळाळीचे कोश आणि त्यांचे चुन्याने पांढरेशुभ्र देठ पावसाळ्यात पालापाचोळ्यावर पाहिले की, आपले विद्यार्थीही या अभ्यासात ओढले जातील याची मला खात्री आहे.

पावसाळा संपल्यावरही काम थांबत नाही. १९३३ मध्ये गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी झाडाच्या सालीचे तुकडे ओलसर बंद भांड्यात ठेवून त्यांवर श्लेष्मकवके उगवतात हे दाखवले, आणि तेव्हापासून ही आर्द्रकक्षाची पद्धत सर्वत्र वापरली जाते. मोह, पळस, साग, बाभूळ अशा झाडांच्या जिवंत खोडावरील कोरड्या सालीचे तुकडे काचेच्या झाकणाच्या थाळीत, टिपकागदावर, एकमेकांवर न चढवता मांडावेत, त्यांवर शुद्ध पाणी ओतून एक दिवस भिजू द्यावेत, मग जादा पाणी काढून टाकून थाळी खिडकीजवळ पण थेट उन्हापासून दूर ठेवावी आणि दोन-तीन महिने भिंगाखाली नियमित पाहत राहावे. वैशाखात गोळा केलेल्या सालीतूनही जाती निघतात. काही जातींचे कोश एका मिलिमीटरपेक्षा पुष्कळ लहान असतात आणि जंगलात नुसत्या डोळ्यांना ते कधीच दिसत नाहीत. आपल्यासारख्या शुष्क पानझडी प्रदेशात नवे काही मिळण्याची आशा मला ओंडक्यांपेक्षा अशा सालींतून अधिक वाटते, कारण ठळक आणि मोठ्या कोशांच्या जाती पूर्वीच्या अभ्यासकांच्या नजरेतून सहसा सुटलेल्या नाहीत.

सूक्ष्मदर्शकाचे काम तालुक्याच्या महाविद्यालयातही होऊ शकते. चुना पाहायचा असेल, तर लॅक्टोफिनॉल हे काचपट्टीसाठीचे द्रावण वापरू नये, कारण त्यातील आम्लात चुना विरघळतो. नमुना मद्यार्काने ओला करून साध्या पाण्यात किंवा सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पहिली काचपट्टी करावी. चुना कणांच्या रूपात आहे की स्फटिकांच्या, हे पाहावे. डिडिमियममध्ये तारकांसारखे सुटे स्फटिक असतात, तर डायडर्मात चुन्याचे आवरण पुष्कळदा अंड्याच्या कवचासारखे गुळगुळीत आणि ठिसूळ असते. मग कोशातील तंतुजाल पाहावे. फायसेरममध्ये चुन्याच्या गाठी बिनचुन्याच्या बारीक तंतूंनी जोडलेल्या असतात, बॅडहॅमियात जवळजवळ सगळे जाळेच चुन्याने भरलेले असते, आणि या दोघांमधली सीमा इतकी पुसट आहे की एकच जाती वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या वंशांत ठेवलेली आढळते. शेवटी बीजुके. श्लेष्मकवकांची बीजुके बहुधा ८ ते १२ मायक्रोमीटर व्यासाची असतात, म्हणून ती शंभरपट वस्तुभिंग आणि तेल वापरूनच मोजावीत. निदान पंचवीस-तीस बीजुके मोजून किमान, कमाल आणि सरासरी तीनही लिहावे. त्यांवरील नक्षी खवल्यांची आहे, काट्यांची आहे की जाळीची, हा नव्या जातीच्या वर्णनातील सर्वांत निर्णायक भाग असतो, आणि त्यासाठी आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे अपेक्षित असतात. ही सोय मोठ्या विद्यापीठांत सशुल्क मिळते.

यानंतर तुलनेचे खरे कष्ट सुरू होतात. श्लेष्मकवकांच्या ज्ञात जाती जगभरात सुमारे एक हजार आहेत. बीजुके वाऱ्याने दूरवर जात असल्यामुळे अनेक जाती खंडोखंडी पसरलेल्या आहेत. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो, ज्याकडे आपल्याकडे वारंवार दुर्लक्ष होते: मेळघाटात सापडलेली जाती महाराष्ट्राच्या किंवा भारताच्या यादीत नाही, एवढ्यावरून ती नवी ठरत नाही. ती जावा, ब्राझील किंवा जपानमधून शंभर वर्षांपूर्वी वर्णिलेली असू शकते, आणि तसे निघाले तर ती भारतातील पहिली नोंद ठरते. अशी नोंदही प्रकाशित करण्याजोगी आणि अभिमानाची आहे. तुलनेसाठी भारतातील जातींवर के. एस. थिंड यांचा १९७७ चा आणि लखनपाल व मुखर्जी यांचा १९८१ चा ग्रंथ हाताशी हवा, जगातील जातींसाठी मार्टिन आणि अलेक्झोपौलस यांचा १९६९ चा ग्रंथ अजूनही पाया म्हणून उपयोगी आहे, आणि त्यानंतरची नावे माद्रिदच्या वनस्पती उद्यानातील कार्लोस लाडो यांनी उभारलेल्या ऑनलाइन नामसूचीत पाहता येतात. जवळच्या दोन-तीन जाती निश्चित झाल्या की त्यांची मूळ वर्णने वाचावीत. शक्य असल्यास त्यांचे मूळ प्ररूप नमुने, म्हणजे ज्यांवर त्या जातींची नावे बेतलेली आहेत ते नमुने, ज्या संग्रहात आहेत, तेथून त्यांची छायाचित्रे किंवा ते नमुने महाविद्यालयामार्फत मागवावेत. दुय्यम पुस्तकातील संक्षिप्त वर्णनावर विसंबून नवी जाती उभी करू नये.

डोंगरातील श्लेष्मकवके म्हणून आपण ज्यांची चित्रे पाहिली असतील, ती बहुतेक बर्फाच्या कडेची असतात, आणि त्यांच्याशी आपला नमुना ताडून पाहणे निरर्थक आहे. आल्प्स आणि जुरा पर्वतांत विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडच्या शार्ल मेलान यांनी या गटाचा पाया घातला. हिवाळाभर टिकणाऱ्या बर्फाखाली यांच्या सूक्ष्म पेशी जगतात आणि वसंतात वितळत्या बर्फाच्या किनारीला लॅम्प्रोडर्मा, मेरिडर्मा, डायडर्मा यांचे कोश उभे राहतात. त्यासाठी महिनोन् महिने टिकणारा बर्फ लागतो. आपल्या वैराट शिखराची उंची सुमारे १,१७८ मीटर आहे आणि तेथे बर्फ पडत नाही. सातपुड्याच्या या टोकाचे वैशिष्ट्य वेगळे आहे. खाली पूर्णेच्या खोऱ्यात पावसाची उघडीप पडून जमीन भेगाळू लागली, तरी वर चिखलदऱ्याच्या पठारावर धुके ओंडके ओले ठेवते, आणि काही किलोमीटरच्या चढात ओलावा, झाडे आणि सालीची प्रत बदलत जाते. म्हणून पायथ्याचे एक, मधल्या घाटातले एक आणि माथ्यावरचे एक, अशी तीन ठिकाणे ठरवून, झडीनंतरच्या प्रत्येक उघडिपीला तीच पुन्हा पाहावीत. नव्या जातीचा लेख एकाच नमुन्यावर लिहिता येतो, नियम त्याला आडवा येत नाही, पण वेगवेगळ्या वर्षांचे आणि ठिकाणांचे अनेक नमुने तीच लक्षणे दाखवत असतील, तरच मी स्वतः अशा वर्णनाला संमती देतो.

जनुकीय पुराव्याची आता जवळपास अपेक्षाच असते, बहुधा १८एस आरडीएनए या जनुकाचा क्रम, आणि जोडीला आणखी एखादा. त्याने काय घडू शकते याचे उदाहरण लायकोगॅला एपिडेंड्रम या जातीचे आहे. कुजक्या लाकडावरच्या या गुलाबी गोळ्या लिनियसने १७५३ मध्येच नोंदवल्या होत्या आणि त्या जगभर एकच समजल्या जात. जनुकक्रम तपासल्यावर त्या नावाखाली अनेक जाती दडल्या असल्याचे दिसून आले आणि २०२३ मध्ये एकाच शोधनिबंधात या वंशातील १५ नव्या जाती वर्णिल्या गेल्या. तेव्हा ओळखीच्या वाटणाऱ्या जातींचेही मेळघाटातले नमुने जपून ठेवावेत.

जाहीर करण्याची रीत नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने ठरवून दिली आहे. श्लेष्मकवके कवक नसली, तरी त्यांची नावे शैवाल, कवके आणि वनस्पतींच्या संहितेखाली येतात. वर्णन किंवा जातीचे वेगळेपण सांगणारे संक्षिप्त टिपण लॅटिनमध्ये अथवा, १ जानेवारी २०१२ पासून, इंग्रजीत असावे लागते. मराठीतील वर्णनाने नाव वैध होत नाही, म्हणून गावासाठी मराठी टिपण वेगळे लिहावे आणि ते जरूर लिहावे. एक प्ररूप नमुना नेमून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे लेखात सांगावे लागते. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवकसंग्रह आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील कवकसंग्रह ही विश्वासाची ठिकाणे आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुना शासनाने नेमलेल्या भांडारात देणेही बंधनकारक आहे. त्याची चौकशी नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे करता येईल. १ जानेवारी २०१३ पासून नावाची मान्यताप्राप्त नोंदणीस्थळी नोंद करून मिळालेला क्रमांक लेखात छापावा लागतो; मायकोबँक हे त्यांपैकी एक नोंदणीस्थळ आहे.

गावाचे नाव अवश्य देता येते, आणि मला ते व्यक्तीच्या नावापेक्षा अधिक आवडते, कारण पुढच्या अभ्यासकाला कोठे शोधायचे हे त्यातून कळते. फक्त ते लॅटिन व्याकरणात बसवावे लागते. फायसेरम, डायडर्मा आणि लॅम्प्रोडर्मा हे वंश नपुंसकलिंगी असल्याने स्थलवाचक नावाच्या शेवटी ‘एन्से’ येते, तर स्टेमोनायटिस आणि ट्रायकिया स्त्रीलिंगी असल्याने ‘एन्सिस’ येते. तेच नाव त्या वंशात पूर्वी कोणी वापरलेले नाही, याचीही खात्री करून घ्यावी. स्वतःचे नाव स्वतःच्या जातीला देण्याची प्रथा नाही.

आता आपल्या ओंडक्याविषयी. तो गावाच्या किंवा खासगी जागेत असेल, तर संबंधितांना विचारून पुन्हा तेथे जावे. कोश फुटून गेले असले, तरी देठ, आवरणाचे तुकडे आणि थोडी बीजुके लाकडाच्या फटींत बहुधा उरतात, आणि वंश ठरवण्यास ती पुरतात. त्या लाकडाचे दोन-तीन तुकडे आर्द्रकक्षात ठेवून पाहावेत, प्लाझमोडियम कडक पापुद्र्याच्या रूपात सुप्त राहिले असेल तर ते पुन्हा जागे होऊ शकते. मिळालेल्या नमुन्याचे दोन भाग करावेत, एक स्वतःजवळ ठेवावा आणि दुसरा अभ्यासकाकडे पाठवावा. टपालाने पाठवताना काडेपेटी कापसात गुंडाळून दुसऱ्या टणक डब्यात बसवावी, तिच्यावर वरची बाजू कोणती ते लिहावे, आणि पेटीत सुटा कापूस कदापि घालू नये, कारण कोश त्याच्या धाग्यांत अडकून देठापासून तुटतात.